स्लॅबखाली जॅक उभे, गँग रातोरात गेली: नवी माणसं आणण्याआधी काय काय सांभाळायचं?

सातारी_साईट

नमस्कार मंडळी. साईट साताऱ्याची. तळमजला अधिक तीन, आरसीसी फ्रेम, एका मजल्याचं क्षेत्र साधारण १५०० चौरस फूट. आजची परिस्थिती अशी:

दुसरा स्लॅब भरून आज सहा दिवस झाले. काँक्रीटची ग्रेड एम२५, सिमेंट पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं), जाडी १२५ मि.मी. जॅक (स्लॅबखालचे लोखंडी टेकू) सगळे जागेवर आहेत. हॉलचा गाळा ४.८ × ५.४ मीटर, बाकी गाळे ४ मीटरच्या आत. पुढच्या बाजूला ४ फुटांची कँटिलिव्हर बाल्कनी. वरच्या मजल्याचे २२ पैकी १४ कॉलम भरलेत. उरलेल्या आठांची सळई बांधून उभी आहे, त्यातल्या तिघांना पेट्याही (काँक्रीट ओतायचे साचे) लावल्यात.

सेंट्रिंग (प्लेटा-जॅकचा साचा लावणं) आणि फिटिंग (सळई बांधणं) एकाच लेबर कंत्राटदाराकडे होतं. परवा रात्री त्याची सगळी गँग मुकादमासकट निघून गेली. कंत्राटदार म्हणतो माणसं परत येणार नाहीत, रविवारी टेम्पो पाठवून प्लेटा आणि जॅक घेऊन जातो. मालक म्हणतात उद्याच्या उद्या दुसरी गँग लावा. साईटवर आता दोन गवंडी आणि चार बिगारी आहेत, ते वीटकामाचे. कामं कोणत्या क्रमाने धरावीत?

---

ओळंबा

दादा, नवी गँग हा तिसरा-चौथा विषय. आज संध्याकाळपर्यंत तीनच गोष्टी बघा: पाणी, जॅक, क्यूब (ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे).

पाणी आधी. स्लॅबवर पाणी मारणारा पोरगा बहुतेक वेळा सेंट्रिंगच्या गँगमधलाच असतो. गँग गेली की पाणी थांबतं आणि दोन दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. स्लॅबवरची आळी (पाणी साठवायला बांधलेले वाफे) भरलेली आहेत का ते आत्ता वर जाऊन बघा. पीपीसीला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेप्रमाणे किमान १० दिवस सलग ओलावा हवा, शिफारस १४ दिवसांची आहे. १४ कॉलमना गोणपाट गुंडाळलंय का, की नुसताच पाईप फिरवत होते? उभ्या कॉलमवर पाणी टिकत नाही, गोणपाट हवंच. चारपैकी एका बिगाऱ्याचं नाव घेऊन हे काम त्याला द्या. 'सगळ्यांनी बघा' म्हटलं की कुणीच बघत नाही.

जॅक. संहितेतले आकडे असे. स्लॅबच्या प्लेटा ३ दिवसांनी काढता येतात, पण खाली टेकू लगेच परत लावायच्या अटीवर. बीमच्या तळाला तेच ७ दिवसांनी. टेकू पूर्ण काढायचे तर स्लॅबचा गाळा ४.५ मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. बीम ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. हे सगळं साध्या ओपीसी सिमेंटचं, आणि तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचं. तुमचं सिमेंट पीपीसी आहे, ते सुरुवातीला ताकद हळू घेतं. मी लहान गाळ्यांना १० आणि हॉल, बीम, बाल्कनीला २१ धरेन. म्हणजे रविवारी टेम्पोत एकही जॅक चढता कामा नये.

क्यूब. उद्या सातवा दिवस. स्लॅबचं काँक्रीट साधारण २५ घनमीटर झालं असेल. १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, म्हणजे नऊ क्यूब भरलेले असायला हवेत. ते कोणत्या टाकीत पडलेत ते शोधा, तारीख वाचता येतेय का बघा आणि उद्या तीन लॅबला पाठवा. एम२५ ला सात दिवसांत चौरस मि.मी.ला १६-१७ न्यूटनच्या आसपास आकडा येतो, पीपीसीला थोडा कमी आला तरी घाबरू नका. पण आकडा हातात हवा. जॅकवरून वाद झाला की तोच कागद कामाला येतो.

---

मापटं

ओळंबांच्या यादीत भर. कंत्राटदाराशी पैशाचं बोलणं सुरू होण्याआधी मापं घ्या, आणि ती त्याच्यासमोर घ्या. मेसेज पाठवा: अमुक दिवशी अमुक वाजता संयुक्त मोजणी, आला नाहीत तर साईटवरच्या दोन साक्षीदारांसमोर मोजून घेऊ. फोनवर सांगू नका, लेखी राहिलं पाहिजे.

मोजायचं काय? पूर्ण झालेलं काम सोपं असतं, ते ड्रॉइंगवरून निघतं. भांडण होतं अर्धवट कामावर. तुमच्याकडे अर्धवट काम तीन प्रकारचं दिसतंय:

दुसऱ्या स्लॅबचं सेंट्रिंग लागलंय पण खोललेलं नाही. सेंट्रिंगच्या दरात लावणं, खोलणं, खिळे काढणं, प्लेटा घासून थप्पी लावणं सगळं धरलेलं असतं. खोलायला आता दुसरी माणसं लागणार, तेव्हा पूर्ण दर देऊ नका. १५ ते २० टक्के राखून ठेवणं रास्त आहे.

आठ कॉलमची सळई बांधली आहे, पण तपासलेली नाही. तपासून जेवढी पास होईल तेवढ्याच किलोचे पैसे. वजन ड्रॉइंगवरून काढा: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ मि.मी.ला ०.८९ किलो प्रतिमीटर, १६ ला १.५८, २० ला २.४७.

तिसरं, कापून-वाकवून ठेवलेली पण न बांधलेली सळई. हिला मोल आहे, पण नव्या फिटरला ती ओळखता आली तरच. त्यावर इथले फिटिंगवाले लिहितीलच.

शिवाय साहित्याची यादी करा. प्लेटा, जॅक, स्पॅन, फळ्या, पेट्यांच्या चाव्या यातलं त्याचं किती, मालकाचं किती, भाड्याच्या दुकानातून आलेलं किती. भाड्याचं असेल तर चलन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. त्याच्या नावावर असेल तर दुकानदार परस्पर उचलून नेईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

---

सळई_१६

उभ्या आठ कॉलमबद्दल. 'बांधून तयार आहे' या शब्दावर काँक्रीट ओतू नका. जाणारी गँग शेवटच्या दोन दिवसांत काय करते ते सगळ्या साईटवर सारखंच असतं: रिंगा कमी आणि गाठी एक सोडून एक.

एका कॉलमपाशी उभे राहा आणि खालून वर मोजा. सगळ्यात आधी रिंगेचं टोक. ते १३५ अंशात आत वळलेलं हवं, वळणापुढची सरळ लांबी व्यासाच्या सहापट, पण ६५ मि.मी.पेक्षा कमी नाही. ८ मि.मी.ची रिंग असेल तर सहापट ४८ होतं, म्हणून ६५ च लागते. घाईत ९० अंशात वाकवून सोडलेली रिंग भूकंपात उघडते, कॉलमची सळई बाहेर फुगते. दुसरं, सगळ्या रिंगांचे हूक एकाच कोपऱ्यात आलेत का? ते आळीपाळीने फिरवलेले हवेत. तिसरं, खाली आणि वर गाठीजवळ रिंगा दाट हव्यात, १०० मि.मी. किंवा ड्रॉइंगमध्ये असेल त्याहून कमी. मधल्या भागातलं अंतर वेगळं. घाईत सगळीकडे मधलंच अंतर टाकलेलं सापडतं.

लॅप (दोन सळया एकमेकींवर येतात ती लांबी) टेपने मोजा. एम२५ काँक्रीट आणि एफई५०० सळईला ताणातली डेव्हलपमेंट लेंथ (काँक्रीटने सळई धरून ठेवायला लागणारी लांबी) व्यासाच्या ४९ पट येते, म्हणजे १६ च्या सळईला जवळपास ७८५ मि.मी. ड्रॉइंगवर जास्त असेल तर ड्रॉइंग मानायचं. सगळ्या सळयांचे लॅप एकाच पातळीवर आलेत का तेही बघा, अर्ध्याच चालतात.

कव्हर ब्लॉक (सळई पेटीपासून आत ठेवणारे ठोकळे) कॉलमला ४० मि.मी.चे. बांधलेले असतील तर हलवून बघा, तार तुटून खाली पडलेले असतात.

आता कापून ठेवलेली सळई. आजच दोन बिगारी लावून ती व्यासाप्रमाणे आणि लांबीप्रमाणे वेगळी करा. प्रत्येक गठ्ठ्याला तारेने पत्रा बांधून ऑइलपेंटने लिहा: व्यास, लांबी, नग, कुठल्या बीमची. बीबीएस (सळई कापण्या-वाकवण्याचा तक्ता) जुन्या मुकादमाच्या वहीत गेला असेल तर ड्रॉइंगवरून नवा काढा आणि गठ्ठे त्याच्याशी जुळवा. हे नाही केलं तर नवा फिटर तिकडे ढुंकूनही बघणार नाही. सरळ १२ मीटरची नवी सळई कापत सुटेल आणि महिनाअखेर टनभर तुकडे भंगारात जातील.

---

कोरेगावकर

एक प्रश्न. तीन कॉलमना पेट्या लावल्यात, त्यात काँक्रीट लगेच भरून टाकलं तर? गवंडी भरतील की.

---

ओळंबा

नको. पेट्या खोला. सळई_१६ यांनी वर लिहिलेली तपासणी बंद पेटीत करता येत नाही. खोलल्यावर तळाशी भुसा, तारेचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या निघतील. ते साफ करून स्टार्टरचा (कॉलमच्या तळाशी आधी भरलेला छोटा टप्पा) माथा टाचून, धुऊन मगच पेटी परत लावायची. ओळंबा दोन लगतच्या बाजूंनी घ्या. ३ मीटर उंचीला ५ मि.मी.च्या वर फरक असेल तर मी पुढे जात नाही.

भरलेले १४ कॉलमही एकदा वाजवून घ्या. हातोडीने तळापासून दोन फुटांपर्यंत, चारही बाजूंनी. टणक आवाज ठीक. आवाज बद्द आला किंवा वर ताज्या सिमेंटचा लेप दिसला तर तो लेप खरवडा, कारण आत हनीकोंब (पोकळ राहिलेलं, खडी उघडी पडलेलं काँक्रीट) झाकलेलं असण्याची शक्यता मोठी. स्टार्टर आणि पेटीच्या फटीतून गाळ निथळून गेला की तळाशी नुसती खडी उरते. सुटी खडी पूर्ण काढायची, पक्क्या काँक्रीटपर्यंत जायचं, धुऊन मायक्रोकाँक्रीट किंवा पॉलिमर मॉर्टर भरायचं. खड्डा सळईच्या मागे जात असेल तर स्ट्रक्चरलवाल्यांना दाखवल्याशिवाय हात लावू नका, त्या कॉलमला आधी आधार लागेल.

हे सगळं नवी गँग यायच्या आधी करायचं. नंतर दोष निघाला तर जुना म्हणेल नव्याने केलं, नवा म्हणेल जुन्याचं आहे, आणि दुरुस्तीचा खर्च मालकाच्या माथी येईल.

---

गँगवाला

मी लेबर पुरवतो, त्या बाजूने लिहितो.

पूर्ण गँग मुकादमासकट रातोरात जाते तेव्हा कारण बहुतेक खर्चीत (मजुरांना दर आठवड्याला खर्चाला मिळणारे पैसे) असतं. शनिवारची खर्ची दोन आठवडे चुकली की मुकादमाला किराणावाला उभा करत नाही. मग दुसरा कंत्राटदार जुनी उधारी फेडून गँग उचलतो. तुम्ही कंत्राटदाराला पैसे दिले असाल, पण ते खाली पोचले का ते विचारा. मजुरी थकली असेल तर माणसं शेवटी मूळ मालकाच्या दारात येतात आणि कायद्यानेही ती जबाबदारी मालकावर येऊ शकते. म्हणून मापटं यांचा हिशोब करताना कंत्राटदाराच्या अंतिम बिलातून मजुरांची थकबाकी थेट मजुरांना द्या, सही किंवा अंगठा घेऊन, कंत्राटदारासमोर. नव्या गँगलाही हे दिसतं. जिथे जुन्यांचे पैसे बुडाले तिथे चांगला मुकादम येत नाही, ही बातमी नाक्यावर एका दिवसात पसरते.

नवी गँग ठरवताना विचारायचं ते असं. किती सुतार, किती हेल्पर, नावानिशी. मुकादम साईटवर राहणार की चार साईट फिरणार. साहित्य स्वतःचं की मालकाचं. आणि पुढच्या दोन महिन्यांत गावी जायची तारीख कोणती: होळी, ईद, छठ, भातलावणी, लगीनसराई, निवडणूक. हे तोंडावर विचारलं तर खरं सांगतात. न विचारता गृहीत धरलं की सळई अर्धी बांधलेली असताना गाडीचं तिकीट निघतं.

उचल कमीत कमी द्या. पहिल्या आठवड्यात राहण्याची सोय, गॅस आणि किराणा एवढंच. मग दर शनिवारी झालेलं काम मोजून त्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास खर्ची, उरलेलं स्लॅब भरल्यावर बिलात. पूर्ण स्लॅबचं काम हातात देण्याआधी लिंटेल-छज्जाचं किंवा जिन्याच्या एका टप्प्याचं काम करवून घ्या. सुताराचा हात तिथे अर्ध्या दिवसात कळतो.

---

सातारी_साईट

सर्वांचे आभार. पाणी सुरू केलं, क्यूब सापडले, नऊच्या नऊ आहेत. साहित्याची यादी केली: प्लेटा कंत्राटदाराच्या, जॅकपैकी निम्मे त्याचे आणि निम्मे भाड्याचे, चलन त्याच्याच नावावर. भाड्याचं चलन आज मालकांच्या नावावर करून घेतलं. स्वतःचे जॅक मात्र तो १४ दिवसांच्या वर ठेवायला तयार नाही, दुसऱ्या साईटला लागतात म्हणतो.

मालक आता म्हणतायत की दोन गँग एकदम लावून गेलेले दिवस भरून काढू. हे जमेल?

---

ओळंबा

जॅकचं आधी. १४ व्या दिवशी त्याचे जॅक द्यायचे असतील तर १३ व्या दिवशी तेवढेच भाड्याचे जॅक साईटवर हवेत. बदलायची पद्धत एकच: जुन्या जॅकशेजारी नवा उभा करायचा, खाली फळी, वर आडवं, हाताने आवळायचा, मग जुना सैल करायचा. एकावेळी एक. अख्खी रांग काढून मग नवी रांग लावायची नाही, मध्ये चहाला गेले तरी नाही. नवा जॅक फार आवळून स्लॅब वर उचलायचाही नाही, त्याने वरच्या बाजूला चीर जाते.

१२५ च्या स्लॅबचं नुसतं वजन चौरस मीटरला ३१० किलोच्या आसपास. ९०० मि.मी. अंतरावर जॅक असेल तर एकाच्या वाट्याला २५० किलो. वर ओलं काँक्रीट, सेंट्रिंग आणि माणसं आली की हे दुपटीच्या घरात जातं. जॅकखाली फुटका पेव्हर किंवा विटेचा तुकडा दिसला तर तो आजच बदला.

---

मापटं

दोन गँगचं उत्तर आकड्यातच बघू.

तिसऱ्या स्लॅबचं सेंट्रिंग: तळ १४० चौरस मीटर, बीमच्या बाजू धरून २२०. एका सुतारामागे हेल्परसह दिवसाला ८ चौरस मीटर धरा, म्हणजे २७-२८ सुतार-दिवस. पाच सुतार असतील तर सहा दिवस.

सळई: २५ घनमीटरला ९० किलोच्या हिशोबाने सव्वादोन टन. फिटर आणि हेल्परची जोडी कापून, वाकवून, बांधून दिवसाला १५० किलो. म्हणजे १५ जोडी-दिवस, तीन जोड्या असतील तर पाच दिवस. निम्मी डेक (प्लेटांचा लावलेला तळ) झाली की फिटर चढतो, त्यामुळे दोन्ही मिळून नऊ दिवस धरा. पाईप-कंड्युइट आणि तपासणीला एक दिवस. नवी गँग पहिल्या स्लॅबला २०-२५ टक्के मागे पडतेच, ड्रॉइंग समजायला आणि साहित्य कुठे आहे ते शोधायला वेळ जातो. म्हणजे १२. त्याआधी आठ कॉलमना चार. एकूण १६ दिवस, गँग कामाला लागल्या दिवसापासून. मालकांना तारीख देऊ नका, हे दिवस द्या.

आता सुतार दहा केले तर? प्लेटा लागतात सव्वादोनशेच्या आसपास, ३ × २ फुटी. जॅक एका मजल्याला २३० च्या घरात, आणि खालच्या मजल्याचे काढता येत नाहीत, म्हणजे दोन संच. माणसं दुप्पट झाली तरी प्लेटा त्याच, आणि त्याही दुसऱ्या स्लॅबखालून निघाल्यावरच मिळणार. पाच सुतार बसून राहतील आणि त्यांची खर्ची मात्र चालू. पैसे घालायचेच असतील तर प्लेटांचा एक संच भाड्याने आणा. अडलंय ते तिथे.

---

सळई_१६

सहमत. दोन गँगमध्ये काम वाटायचंच असेल तर सुतारकाम एकाकडे आणि फिटिंग दुसऱ्याकडे, असं वाटा. एकाच स्लॅबचा अर्धा भाग एकाला आणि अर्धा दुसऱ्याला देऊ नका. मधल्या बीमवर दोघांची सळई भेटते, तिथला लॅप आणि आधारावरची वरची जादा सळई कुणाचीच नसते.

आणि फिटिंग वेगळं दिल्याचा एक फायदा होतो. पुढच्या वेळी एक गँग गेली तरी दुसरी साईटवर असते, काम पूर्ण बंद पडत नाही.

---

गँगवाला

इथे मी थोडा वेगळा. १५०० फुटांच्या स्लॅबला वेगळा फिटर कंत्राटदार परवडत नाही, तीन जोड्या पाच दिवसांसाठी कोण पाठवणार? तो त्याच्या सोयीने येईल आणि डेक उन्हात वाट बघत राहील, प्लाय वाकेल, ऑइल सुकेल. त्यापेक्षा गँग एकच ठेवा, पण ज्ञान मुकादमाच्या वहीत ठेवू नका. बीबीएस, कॉलमच्या सेंटरलाइनच्या खुणा, १ मीटर लेव्हलची रंगाची रेघ हे साईटचं असलं पाहिजे. नवा मुकादम आला की त्याला बुर्जीपासून (आखणीसाठी बांधलेला खुणेचा खांब) दोरी मारून दाखवा, दोन्ही कर्ण मोजून दाखवा, मगच काम सुरू.

---

कोरेगावकर

तिसरा स्लॅब भरताना दुसऱ्याखालचे जॅक ठेवायचेच का? तोपर्यंत दुसरा स्लॅब २२-२३ दिवसांचा झालेला असेल ना?

---

ओळंबा

ठेवायचे. दुसरा स्लॅब राहत्या घराच्या भारासाठी आहे: चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार, अधिक फरशी आणि भिंतींचं जे धरलं असेल ते. तिसऱ्याचं ओलं काँक्रीट, प्लेटा, जॅक आणि वर चालणारी माणसं मिळून ५५० ते ६०० होतात. तो सगळा भार जॅकमधून थेट दुसऱ्या स्लॅबवर येतो. स्लॅबचं वय पुरेसं असलं तरी भार त्याच्या हिशोबातला नाही. म्हणून हॉलच्या मध्यावर, बीमखाली आणि बाल्कनीच्या टोकाला दुसऱ्याखाली जॅक हवेतच, आणि शक्य तिथे वरच्या जॅकच्या बरोबर खाली. किती आणि कुठे, ते स्ट्रक्चरलवाल्यांकडून स्केचवर लिहून घ्या.

खोलायचा क्रम नव्या मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगा, कारण गँग बदलली की हीच गोष्ट उलटी होते. गाळ्याचे जॅक मधून सुरू करून आधारांकडे काढत जायचं. बाल्कनीचे टोकाकडून भिंतीकडे. बाल्कनीत भिंतीजवळचे आधी काढले आणि टोकाचा राहिला, तर कँटिलिव्हर दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबसारखी वागायला लागते. ताण खालच्या बाजूला येतो, तिथे तिला मुख्य सळईच नसते.

---

सातारी_साईट

स्केच उद्या मागवतो. प्लेटांच्या भाड्याचं मालकांनी मान्य केलंय, दुसरी गँग रद्द. तीन पेट्या खोलल्या: एका कॉलममध्ये मधल्या भागातलंच अंतर तळापर्यंत टाकलेलं निघालं, दोन ठीक. उरलेले पाच उद्या मोजतो आणि इथे टाकतो.